मोटारीच्या बॅटरीची परीक्षा

सकाळीं किल्ली फिरवावी आणि मोटारीनें नुसता "टक्" असा आवाज करून स्वस्थ बसावें, हा अनुभव पुष्कळ घरांतून येत असतो. अशा वेळीं एक जण म्हणतो, "बॅटरी गेली, नवी आणा", दुसरा म्हणतो, "कांहीं झालें नाहीं, धक्का मारा." दोघेही परीक्षेवांचून निकाल देतात. पहिल्याचें ऐकावें तर हजारों रुपये कदाचित् व्यर्थ जातात. दुसऱ्याचें ऐकावें तर मध्यरात्रीं आजारी माणसास इस्पितळांत नेण्याच्या वेळींच गाडी दगा देते. यास्तव ही परीक्षा शास्त्रास धरून कशी करावी, तें आम्ही येथें विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां थोडक्यांत सांगणार आहों.

शिसें व आम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम बनविली. मोटारीच्या बॅटरींत असे सहा सेल एकापुढें एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, म्हणून सहांचा मिळून सुमारें १२.६ व्होल्ट होतो. सेलमधील कांहीं पत्रे शिशाचे व कांहीं शिशाच्या ऑक्साइडाचे असून ते सौम्य गंधकाम्लांत बुडालेले असतात. बॅटरी वीज देते तेव्हां दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें आणि आम्ल पातळ होत जातें. उलट वीज आंत सोडली कीं सर्व पूर्ववत् होतें. परंतु बॅटरी फार दिवस उतरलेल्या स्थितींत पडून राहिली, तर तें सल्फेट कठीण होतें. शिवाय वापरानें पत्र्यांवरील द्रव्य झडतें व त्यांच्या जाळ्या गंजतात. ही हानि सहसा भरून येत नाहीं.

म्हणून बॅटरी उतरणें निराळें आणि बॅटरी झिजणें निराळें, हा भेद ध्यानांत ठेवावा. उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलेली विहीर पावसानें पुन्हां भरते. पण गाळानें भरलेल्या विहिरीचें पाणी कांठापर्यंत दिसलें, तरी चार पोहरे काढतांच तळ लागतो. व्होल्टमीटर केवळ पाण्याची पातळी सांगतो. विहिरींत पाणी किती आहे, हें उपसल्यावांचून कळत नाहीं.

पहिली परीक्षा डोळ्यांची. बॅटरीच्या टोकांवर पांढरा अथवा हिरवट क्षार जमला आहे काय, तारांच्या पकडी सैल आहेत काय, हें पाहावें. पुष्कळदां दोष एवढाच असतो. पेटी फुगली किंवा तडकली असेल, तर पुढें जाऊंच नये. ती बॅटरी बदलावी.

दुसरी परीक्षा दाबाची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दिवे वगैरे सर्व बंद असतां, बॅटरीच्या दोन टोकांस व्होल्टमीटर लावावा. काटा १२.६ किंवा अधिक दाखवील तर बॅटरी भरलेली, १२.४ च्या आसपास पाऊण, १२.२ च्या आसपास अर्धी, आणि १२ च्या खालीं बहुतेक रिकामी समजावी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर आंकडा फसवा असतो. तो मोठा दिसतो.

तिसरी परीक्षा आम्लाची; जिचीं झांकणें उघडतां येतात त्याच बॅटरीस ती लागू आहे. द्रव जितका जड, तितकी तरंगणारी नळी वर राहते, या आर्किमिडीजच्या तत्त्वावर हायड्रॉमीटर चालतो. भरलेल्या बॅटरींत आम्लाचें विशिष्ट गुरुत्व सुमारें १.२६५ व अर्धी उतरल्यावर सुमारें १.१९० असतें. उष्ण प्रदेशांसाठीं कांहीं कारखानदार किंचित् सौम्य आम्ल घालतात, म्हणून त्यांनीं दिलेला आंकडा प्रमाण मानावा. पांच सेल सारखे असून एकच ०.०५० हून अधिक खालीं असेल, तर त्या सेलांत बिघाड आहे असें जाणावें.

चौथी परीक्षा ओझ्याची, आणि हीच खरी. प्रथम बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. कारण उपाशी माणसास ओझें उचलावयास लावून त्यास दुर्बल म्हणणें न्याय्य नव्हे. मग एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें व्होल्टमीटर पाहावा. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढूं शकतो, म्हणून दाब उतरणारच. पण तो १० व्होल्टांच्या वर टिकला तर बॅटरी सशक्त आहे. भरलेली असूनही ती ९.६ च्या खालीं घसरली, तर ती झिजली असें बहुधा समजावें व दुकानांतील यंत्रावर खात्री करून घ्यावी.

शेवटीं इंजिन चालू ठेवून दाब पाहावा. तो साधारणतः १३.७ ते १४.७ व्होल्ट असतो. तो वाढलाच नाहीं, तर बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरांत किंवा त्याच्या पट्ट्यांत दोष असण्याचा संभव आहे. असा दोष राहिला तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

विद्यार्थ्यांनीं हे प्रयोग वडील माणसांच्या देखत करावे. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. म्हणून जवळ विडी, काडी किंवा ठिणगी नसावी. हातांतील अंगठी व बांगडी काढून ठेवावी आणि डोळ्यांस चष्मा लावावा. आम्ल उडाल्यास ती जागा पुष्कळ वेळ पाण्यानें धुवावी व डोळ्यांत गेल्यास धूतच वैद्याकडे न्यावें. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीस मात्र मुळींच हात लावूं नये. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये अथवा घरीं फोडूं नये. शिसें हें विष आहे व लहान मुलांच्या मेंदूस तें फार बाधतें. जुनी बॅटरी विकणाऱ्याकडेच परत द्यावी. आपल्या देशांत २०२२ च्या नियमांनीं ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

बॅटरी गप्प राहिली म्हणून ती मेली, असें नाहीं. आंकडा चांगला दिसला म्हणून ती निरोगी, असेंही नाहीं. आधीं भरावी, मग ओझें द्यावें, आणि मगच निकाल सांगावा. हा क्रम ज्यास साधला, तो बॅटरीविषयींच नव्हे, तर आपल्या सोबत्यांविषयींही घाईनें न्याय करणार नाहीं, अशी आम्हांस आशा आहे.