तीन सेट, दहा-दहाचे: हे आलं कुठून?

प्रश्न : जिममध्ये कुणालाही विचारा, उत्तर एकच: 'तीन सेट मारा, दहा-दहाचे.' तीनच का? आणि वजन किती घ्यायचं, हे मात्र कुणी धड सांगत नाही.

उत्तर : शंका रास्त आहे. हा आकडा आखाड्यातला नाही, इस्पितळातला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या पायांत ताकद परत आणायच्या खटपटीत होते. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन, हे त्यांचं माप. आधी ते रुग्णांकडून एका सत्रात एकूण 70 ते 100 उचली करून घेत. एवढ्याची गरज नाही असं दिसल्यावर 1948 मध्ये त्यांनी सहकारी वॉटकिन्स यांच्यासह तीन सेट सुचवले: पहिला त्या मापाच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणपट, तिसरा पूर्ण. म्हणजे खरा जड सेट एकच!

तेव्हा तीनाचा आकडा काही देवाज्ञा नव्हे. वजनाचा कस लागतो तो सेटच्या शेवटी. समजा, 30 किलो खांद्यावर घेऊन तुम्ही बैठका मारताय. दहावीला वेग आपोआप मंदावला, तरी आणखी दोन निघाल्या असत्या, तर वजन बरोबर. दहावीलाही शेजाऱ्याशी मॅचच्या गप्पा चालू असतील, तर हलकं. सहावीलाच पाठ वाकली, तर जड. मुकाट्याने प्लेटा उतरवा.

तिन्ही सेटमध्ये बारा-बारा निघू लागल्या की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवा. आकडा पुन्हा नऊ-दहावर येईल, येऊ द्या. सुरुवातीला ताकद झपाट्याने वाढते, पण तो बराचसा मज्जासंस्थेला झालेला सराव असतो. स्नायू सावकाश वाढतात, कंडरा त्याहून सावकाश बळकट होतात. घाई केली की आधी कुरकुरतात त्या.

दुसऱ्या दिवशी जिना उतरवला नाही म्हणजे व्यायाम सार्थकी लागला, हाही एक गैरसमज. सवय नसलेल्या हालचालीने अंग दुखतंच. नवख्याला एका स्नायूगटासाठी आठवड्याला सहा ते दहा सेट, दोन दिवसांत विभागून, पुरे होतात. तालमीत शेकड्याने जोर-बैठका मारतात खरं, पण तिथे वजन आपल्या अंगाचंच, रोज तेवढंच. त्यामुळे दम वाढत राहतो, ताकद मात्र एका टप्प्याला थांबते.

हे सगळं वहीत मांडताना नुसत्या प्लेटांची बेरीज करू नका. स्पर्धेतला पुरुषांचा बार रिकामाच 20 किलोचा असतो. तुमच्या जिममधला एकदा काट्यावर ठेवून बघा.