निर्णय आणि तत्परता

विचार न करता केलेल्या कृतीस उतावळेपणा म्हणतात. विचार पूर्ण होऊनही कृती लांबणीवर टाकणे हा दीर्घसूत्रीपणा होय. हे दोन्ही दोष टाळून, नीट विचाराने घेतलेला निर्णय वेळीच अमलात आणणे यास तत्परता म्हणतात.

ख्रिस्ती धर्मग्रंथात या गुणाची दोन्ही अंगे दिसतात. लूककृत शुभवर्तमानातील एका दृष्टान्तात, बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी खर्चाचा हिशोब करावा, असे येशू सांगतात. त्याच शुभवर्तमानातील चांगला शोमरोनी मात्र वाटेत जखमी पडलेल्या मनुष्याला पाहताच थांबतो, त्याच्या जखमा बांधतो व त्याला उतारशाळेत नेतो. जेथे हिशोब हवा तेथे हिशोब, आणि जेथे विलंब घातक तेथे तत्काळ साहाय्य, असा हा विवेक आहे.

पंडिता रमाबाई (1858-1922) यांच्या जीवनात हा विवेक प्रत्यक्ष दिसतो. तरुणपणीच त्यांनी दुष्काळाची झळ सोसली होती. त्या काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण मरण पावली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केले व पुढे ते पुण्यास नेले. संस्था पुढे स्वतःच्या उत्पन्नावर चालावी, या दूरदृष्टीने त्यांनी पुण्याजवळील केडगाव येथे शेतजमीन घेतली.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. निराधार मुली व स्त्रिया उपासमारीला आणि अत्याचाराला बळी पडत होत्या. शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारे साहाय्य ठरावीक मुदतीचे होते. नव्या खर्चाची तरतूद नव्हती. तरीही रमाबाई स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि त्यांनी सुमारे 300 मुली व स्त्रियांना आश्रय दिला. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. एवढ्या जणींना शहरात ठेवणे कठीण होते, म्हणून त्यांची सोय केडगावच्या जमिनीवर करण्यात आली. तेथेच 'मुक्ती सदन' उभे राहिले. शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, छपाई यांसारखी कामे शिकून अनेक स्त्रिया स्वावलंबी झाल्या.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. रमाबाईंनी जमीन आधीच घेतली नसती, तर केवळ तळमळ असून या स्त्रियांना निवारा देणे अवघड झाले असते. आणि पैशाची पूर्ण हमी मिळेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर कित्येक जणींसाठी मदत पोहोचण्यापूर्वीच वेळ टळून गेली असती. ईश्वरावरील श्रद्धेमुळे त्यांनी विचार करणे सोडले नाही. त्या श्रद्धेने त्यांना निर्णयानंतर पाऊल उचलण्याचे बळ दिले.

अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करणे, कर्ज फेडणे, व्यसन सोडणे, असे निर्णय अनेकांच्या मनात पक्के झालेले असतात. अशा वेळी आणखी विचाराची नव्हे, तर पहिल्या कृतीची गरज असते.

विचार करा

1. उतावळेपणा आणि तत्परता यांतील फरक सांगा.
2. केडगावची जमीन आधी घेतल्याचा पुढे कोणता उपयोग झाला?
3. आपण लांबणीवर टाकलेला एक निर्णय आठवा. त्यासाठी आज कोणती कृती करता येईल, ते पाच ओळींत लिहा.