हवेतील पारा आणि तळ्यातील मासा

वसई तालुक्यात निर्मळसारखी जुनी तळी आहेत. एखाद्या तळ्यात कारखान्याचे सांडपाणी येत नसले, तरी पारा तेथे हवेतून पोहोचू शकतो. दगडी कोळसा जळताना त्यातील पाऱ्याचा अंश वाफ होऊन हवेत मिसळतो, वाऱ्याबरोबर दूर जातो व पावसाबरोबर खाली उतरतो. तळ्याच्या गाळातील सूक्ष्म जंतू त्यास अधिक विषारी रूप देतात. ते विष शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत व त्यांतून मोठ्या माशांत जाते आणि प्रत्येक पायरीस त्याचे प्रमाण वाढते. मासा शिजविल्याने पारा नाहीसा होत नाही. गर्भातील बालकाच्या मेंदूस त्यापासून विशेष अपाय होतो.

तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील तापमापकांचा कारखाना २००१ साली बंद झाला. तेथील सरोवराच्या माशांत पारा आढळला होता. वसईच्या खाडीस मिळणाऱ्या उल्हास नदीच्या गाळातही तो आढळला आहे.

फुटलेल्या तापमापकातील पारा हाताळू नये व निकामी ट्यूबलाइट जाळू किंवा तळ्यात टाकू नये, हे शिक्षकांनी मुलांस कारणांसह समजावून द्यावे.