परदेशातली डीव्हीडी आणि घरचा संगणक

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून आणि मुलगी सिंगापूरहून डीव्हीडी पाठवतात. संगणक दर वेळी ‘रीजन बदला’ म्हणतो आणि आता एकच बदल शिल्लक दाखवतो. काय करावे?
— एक वाचक, कुंभकोणम्

उत्तर : आधी तो शेवटचा बदल वापरू नका. अमेरिकेची डिस्क रीजन १ची, सिंगापूरची ३ची आणि आपला भारत ५मध्ये. ड्राइव्हला एकूण ५ बदल मिळतात. पाचवा झाला की शेवटचा रीजन कायम होतो. ही मोजणी ड्राइव्हच्याच फर्मवेअरमध्ये असते. म्हणून विंडोज पुन्हा टाकून काही होत नाही, आणि त्यासाठी दुकानदाराला पैसे देऊ नका.

पहिल्यांदा व्हीएलसी हा मोफत प्लेअर वापरून पाहा. तो ड्राइव्हच्या रीजनला हात न लावता बहुतेक डिस्क चालवतो, पण काही ड्राइव्ह त्यालाही दाद देत नाहीत. तसे झाले तर यूएसबीला जोडायचा वेगळा ड्राइव्ह घ्या, तो रीजन १वर ठेवा आणि वर तशी चिठ्ठी चिकटवा. मला हाच मार्ग सर्वांत निर्धोक वाटतो. आपल्याकडच्या अनेक तमिळ, मराठी चित्रपटांच्या डिस्कना रीजनचे बंधन नसतेच, त्या कुठेही चालतील.

रीजनचे बंधन असे ओलांडताना कायद्याची धास्ती नको. कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये आलेल्या कलम ६५अचा रोख हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यांवर आहे. प्रती काढून वाटू मात्र नका.

मुलांना सांगा, विकत घेताना वेष्टनावरचा पृथ्वीगोल पाहा; रीजनचा आकडा त्यावरच छापलेला असतो.