घुमटाचा घुमार रेकॉर्डिंगमध्ये मोठा करताना

चवथीची आरती घरातच रेकॉर्ड करून पाहिलेल्या गोव्यातल्या इब्रामपूरकराला हा अनुभव नवा नाही. ओसरीवर छातीत घुमणारा घुमट, म्हणजे एका तोंडाला कातडे आणि दुसरे तोंड उघडे असलेले मातीचे मडके, हेडफोनमध्ये पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मग आपण इफेक्ट चढवत सुटतो. माझे मत असे, की इफेक्टांनी घुमार वाढवता येतो, पण आधी तो माईकमध्ये आलेला असावा लागतो.

काय करावे

एका घुमटाला दोन माईक लावा. एक कातड्यापासून वीतभर अंतरावर. त्यात थाप येते. दुसरा मागच्या उघड्या तोंडाकडे, जरा तिरपा, म्हणजे हवेचा झोत थेट त्यावर आदळणार नाही. डाव्या हाताच्या उघडझापीने बदलणारा खर्ज याच तोंडातून निघतो, आणि एका माईकवाले नेमके तेच गमावतात. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना मागच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटवून पाहा. कातडे आत दबते तेव्हा पुढच्या माईकला ओढ जाणवते आणि मागच्याला दाब, त्यामुळे दोघे एकमेकांचा खर्ज खाऊ शकतात. ज्या स्थितीत पोट भरल्यासारखे वाटेल, ती ठेवा. पोलॅरिटीचे हे बटन फुकट आहे. इतका फरक विकतच्या प्लगिनने पडलेला मी ऐकलेला नाही.

कातडे तापवून घ्या. भाद्रपदातल्या दमट हवेत ते सैल पडते, आणि सैल कातड्याला कोणताही ईक्यू ताण देऊ शकत नाही.

खोलीला वाजू द्या. लेड झेपेलिनच्या 1971च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधले ते अवाढव्य ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या प्रवेशदालनात वाजवले होते, माईक वर जिन्यात टांगलेले. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतींचे माजघर आहे. वादक तिथे बसवा, एक माईक दाराबाहेर तीन-चार मीटरवर ठेवा. दर मीटरला आवाज सुमारे 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि त्या उशिरानेच कानाला जागा मोठी वाटते. हा ट्रॅक जोरात कॉम्प्रेस करा, पण मिसळा थोडाच.

घुमटाच्या मूळ ट्रॅकची प्रत काढून ती कॉम्प्रेसरने 8:1 दाबा आणि मूळ ट्रॅकखाली हळूहळू वर आणा. अटॅक 20-30 मिलिसेकंद ठेवला तर थाप निसटून पुढे येते. रिलीज इतका, की पुढची थाप पडायच्या आत कॉम्प्रेसर सुटलेला असेल. आरती द्रुत लयीत गेली की तो पुन्हा जुळवा.

रिव्हर्बमधून 200 हर्ट्झखालचे कापा. प्री-डिले 20 मिलिसेकंद.

काय टाळावे

कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा, घुमटाच्या माईकसमोर उभे करू नका. कार्डिऑइड माईकची पाठ त्यांच्याकडे असू द्या. एकदा खणखणाट घुमटाच्या ट्रॅकमध्ये शिरला, की कॉम्प्रेसर त्यालाच मोठा करतो. मी अशी एक अख्खी आरती वाया घालवली आहे.

पातळी −12 डेसिबलच्या फार वर नेऊ नका. आरती रंगली की वादकांचा हात आपोआप चढतो.

डोळे मिटून बेस वाढवू नका. 60 ते 200 हर्ट्झमध्ये अरुंद पट्टा फिरवा, घुमट जिथे बोलतो तिथेच दोन-तीन डेसिबल द्या. प्रत्येक मडक्याची जागा वेगळी.

गेटेड रिव्हर्ब टाळा. फिल कॉलिन्सच्या 1981च्या ‘इन द एअर टुनाइट’मुळे तो जगभर गाजला, पण तो शेपूट छाटतो, आणि घुमटाचे बोलणे शेपटातच असते. साथीला काठ्यांनी वाजणाऱ्या समेळ या वाद्यावर हवा तर चाखून पाहा.

‘खरा’ आवाज हवा म्हणून घोरपडीचे कातडे शोधू नका. 1972च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि बकऱ्याच्या कातड्याचे घुमट आज गोवाभर वाजतात. 2019मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य ठरवले, तेव्हाही ते तसेच वाजत होते.

थापांच्या जागी तयार सॅम्पल बसवू नका. सॅम्पलमध्ये दर थापेला तेच तोंड तितकेच उघडे असते. वादकाचा डावा तळवा आरतीभर एकदाही तसा थांबत नाही.