घरकामातील व्यायाम

गेवराई तालुक्यातील तलवाडा व त्याच्या आसपासच्या खेड्यांत आता पहाटे जात्याची घरघर क्वचितच कानी पडते. ज्वारी विजेच्या गिरणीत दळली जाते. ही सोय झाली हे उत्तमच झाले. झोप मोडून दळण ओढणे ही काही सुखाची गोष्ट नव्हती. त्या कष्टांची साक्ष जात्यावरच्या ओव्या देतात. शेजारच्या माजलगाव येथील भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या अशा ओव्या हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांच्या मंडळीने १९९६ साली ध्वनिमुद्रित करून ठेविल्या आहेत. परंतु जात्याबरोबर दंड, खांदे व पाठ यांस रोज घडणारी मेहनतही गेली, आणि पुष्कळ घरांत तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, प्रौढ मनुष्याने आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, व दोन दिवस तरी स्नायूंस बळ देणारे काम करावे. ही मिनिटे थोडीथोडी भरली तरी चालतात, आणि घरकामही त्यांत धरले जाते. श्रम मध्यम झाले हे ओळखावयाची खूण अशी: काम करिताना बोलता यावे, पण गाणे म्हणावयास दम पुरू नये. (दळणाऱ्या बाया तर गात असत! तो त्यांच्या सवयीचा व लयीचा प्रताप. नवख्याने जाते ओढून पाहावे.)

खराट्याने अंगण झाडताना कमरेत वाकून राहू नये. एक पाय पुढे टाकावा, गुडघे किंचित वाकवावे, आणि अर्धे अंगण उजव्या हाताने, अर्धे डाव्या हाताने झाडावे. १५ लिटरांच्या घागरीत १५ किलो पाणी असते, भांड्याचे वजन निराळे. ती उचलताना गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून व घागर अंगाशी धरून मांड्यांच्या जोराने उठावे. एका बाजूस ओझे घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान बादल्या बऱ्या.

पण हा उपदेश कोणास करावा? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाऊन दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या भगिनीस तो करणे निर्दयपणाचे होईल. तिला व्यायाम नको, विसावा हवा. विश्रांतीवाचून एकसारखे ओझे वाहिल्याने शरीर सुधारत नाही, झिजते. हा धडा आहे तो बसून दिवस घालविणाऱ्यांसाठी: दुकानदार, शिक्षक, आणि स्पष्टच सांगावयाचे तर, पुस्तक वाचीत बसणारे आम्हां उपदेशकांपैकी पुष्कळ जण. घरातील पाणी भरणे, अंगण झाडणे, धुणे पिळणे ही कामे बंधुजनांनी आपल्याकडे घ्यावी. रविवार सोडून सहा दिवस रोज २५ मिनिटे दिली की १५० भरतात, आणि तितका वेळ घरधनिणीस टेकावयास मिळतो.

ज्यास श्रम करिताना छातीत दुखते किंवा भोवळ येते, त्याने मात्र आधी सरकारी दवाखान्यात प्रकृती दाखवावी.