यूरोपचे लोहमार्ग : रुळांमधील अंतराची कथा
(इयत्ता सातवी : भूगोल व इतिहास)

लोहमार्गाचे दोन रूळ एकमेकांपासून किती अंतरावर असावेत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु यूरोपात राष्ट्राराष्ट्रांतील दळणवळण त्याच्या उत्तरावर अवलंबून राहिले.

इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टीफन्सन या अभियंत्याने स्टॉक्टन–डार्लिंग्टन (१८२५) व लिव्हरपूल–मँचेस्टर (१८३०) हे मार्ग बांधले. कोळशाच्या खाणींकडील गाडीमार्गांवर जे माप रूढ होते, त्याच्याच आधारे त्याने रुळांमधील अंतर ठरविले. तेच पुढे ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर, असे निश्चित झाले. १८३५ साली बेल्जममध्ये ब्रुसेल्स–मेखेलेन व जर्मनीत न्यूरेंबर्ग–फ्यूर्ट या मार्गांवर आगगाड्या धावू लागल्या. त्यांची इंजिने इंग्लंडहून आली आणि इंजिनांबरोबर मापही आले.

खुद्द इंग्लंडात ब्रुनेल या अभियंत्याने सुमारे ७ फूट अंतर पसंत केले होते. दोन मापे जेथे मिळत, तेथे सर्व माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागे. अखेर १८९२ च्या मे महिन्यात हजारो मजुरांनी अवघ्या दोन दिवसांत उरलेले रुंद मार्ग अरुंद केले.

स्पेन व रशिया यांनी मात्र निराळी मापे स्वीकारली. स्पेनमध्ये आज ते १६६८, तर रशियात १५२० मिलिमीटर आहे. परचक्र रोखण्यासाठी हे केले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु स्पेनच्या १८४४ च्या अहवालात दिलेले कारण वेगळेच आहे : रूळ रुंद असतील तर मोठा बाष्पक बसवून इंजिनाची शक्ती वाढविता येईल. हेतू शत्रूला अडविण्याचा नसला, तरी वाट अडली ती मित्रांचीही. फ्रान्सच्या सीमेवर प्रवाशांना गाडी बदलावी लागे. पोलंडच्या सीमेजवळील ब्रेस्त येथे तर प्रवासी डबे उचलून त्यांखालील चाकांचे सांगाडे बदलीत असत.

यावर स्पेनने उपाय शोधले. १९६९ साली बार्सिलोना–जिनिव्हा मार्गावर चाकांमधील अंतर आपोआप बदलणारी ‘टाल्गो’ गाडी सुरू झाली. १९९२ चा माद्रिद–सेव्हिल हा अतिजलद मार्ग १४३५ मिलिमीटरचाच बांधला गेला आणि २०१३ पासून बार्सिलोनाहून पॅरिसला थेट अतिजलद गाडी जाऊ लागली.

आरंभी घेतलेला एक निर्णय पुढील अनेक पिढ्यांना कसा बांधून ठेवतो, हे यावरून ध्यानात येते. म्हणून सार्वजनिक कामाचे माप ठरविताना शेजाऱ्याचाही विचार करावा.

शिक्षकांस सूचना : अंगणात चुन्याने १४३५, १५२० व १६६८ मिलिमीटर अंतराच्या जोडरेषा आखून मुलांकडून मोजून घ्याव्यात. आपल्याकडे मनमाड येथे रुंदमापी व मीटरमापी मार्ग एकत्र येत असत, हेही सांगावे.

स्वाध्याय
१. इंग्लंडचे माप बेल्जम व जर्मनीत कसे पोहोचले?
२. स्पेनचे माप १४३५ मिलिमीटरहून कितीने अधिक आहे?
३. मापे भिन्न असल्यास व्यापाऱ्याचे कोणते नुकसान होते?